सेवाग्रामच्या शब्दांची मालकी

३१ डिसेंबर २००८ ही तारीख उलटली आणि महात्मा गांधींच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपला. आदल्या दिवसापर्यंत आत्मकथा छापायची तर अहमदाबादच्या नवजीवन ट्रस्टची परवानगी लागत असे. १ जानेवारी २००९ पासून ती कोणालाच लागेनाशी झाली. दिल्लीचा मोठा प्रकाशक असो की वर्ध्याचा एखादा छोटा छापखाना, गांधी छापण्याचा अधिकार दोघांना सारखाच मिळाला. मुदत वाढवून घेण्यासाठी सरकारकडे जावे, असे ट्रस्टला सुचवणारे लोक होते. ट्रस्टने तसे केले नाही. गांधींनी आपले लिखाण स्वतःपुरते कधी राखून ठेवले नव्हते, मग आपण ते का राखावे, हा त्यामागचा विचार होता.

हा निर्णय एका दिवसात झालेला नव्हता. त्याच्या मागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला मोठा भाग वर्धा जिल्ह्यात घडला आहे. शब्द कोणाचे, यंत्र कोणाचे, जमीन कोणाची, हे तिन्ही प्रश्न सेवाग्राम, मगनवाडी आणि पवनार या काही मैलांच्या परिसरात विचारले गेले. त्यांची उत्तरे तिथल्या माणसांनी स्वतःच्या आयुष्यात शोधली.

आधी कायद्याची पार्श्वभूमी पाहू. हिंदुस्थानात ग्रंथांच्या स्वामित्वहक्काचा पहिला कायदा कंपनी सरकारने १८४७ साली केला. त्यानंतर इंग्लंडचा १९११ चा कायदा १९१४ साली इथे लागू झाला. या कायद्याने लेखकाला हयातभर आणि मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क दिला. त्यासाठी नोंदणीची अट नव्हती. लेखकाने मागो वा न मागो, लेख कागदावर उतरला की हक्क आपोआप निर्माण होई. अनुवादाचा हक्क मात्र या कायद्यात फक्त दहा वर्षांचा होता. मूळ लेख प्रसिद्ध झाल्यापासून दहा वर्षांत लेखकाने एखाद्या भाषेत अनुवाद केला वा करवला नाही, तर त्या भाषेत तो कोणालाही करता येत असे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बंगाली, इंग्रजी, हिंदी आणि मराठीत पुस्तकांची जी ये-जा झाली, तिला ही सवलत उपयोगी पडली.

गांधींनी या चौकटीबाहेर पहिले पाऊल दक्षिण आफ्रिकेतच टाकले होते. नोव्हेंबर १९०९ मध्ये इंग्लंडहून परतताना बोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज’ गुजरातीत लिहिले. मार्च १९१० मध्ये मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली. त्याला उत्तर म्हणून गांधींनी दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्सच्या छापखान्यातून त्याचा इंग्रजी अनुवाद काढला आणि कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत, असे पुस्तकावरच छापले. प्रकाशक पुस्तकावर जे वाक्य हमखास छापतात, त्याच्या नेमके उलट वाक्य त्यांनी छापले होते.

या मोकळेपणाचे राजकीय मोल ६ एप्रिल १९१९ रोजी दिसले. रौलट कायद्याच्या विरोधात कोणता कायदा मोडायचा याचा विचार झाला, तेव्हा बंदी घातलेली पुस्तके उघडपणे विकायचे ठरले. ‘हिंद स्वराज’ आणि ‘सर्वोदय’ पुन्हा छापून मुंबईच्या रस्त्यांवर विकली गेली. लोकांनी छापील किमतीहून कितीतरी जास्त पैसे देऊन ती घेतली. ही नवी आवृत्ती आहे, बंदी जुन्या आवृत्तीवर होती, अशी भूमिका घेऊन सरकारने खटले टाळले. कोणीही छापू शकेल असे पुस्तक दडपणे सरकारला किती अवघड जाते, हे त्या दिवशी कळले.

‘नवजीवन’ या साप्ताहिकातून २९ नोव्हेंबर १९२५ पासून आणि पाठोपाठ ‘यंग इंडिया’तून आत्मकथेची प्रकरणे प्रसिद्ध होऊ लागली. इतर वृत्तपत्रे ती उचलून छापू लागली, तेव्हा त्यांना मनाई करा, असा सल्ला गांधींना मिळाला. १९२६ मध्ये त्यांनी याला जाहीर उत्तर दिले. कॉपीराइट ही निसर्गसिद्ध गोष्ट नाही, ती आधुनिक संस्था आहे, काही मर्यादेपर्यंत ती इष्टही असेल, पण इतरांना मनाई करून आपल्या पत्रांचा खप वाढवण्याची आपली इच्छा नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. या उत्तरात कॉपीराइटचा सरसकट धिक्कार नाही. त्याची मर्यादा ओळखून स्वतःपुरता घेतलेला तो निर्णय आहे.

हाच प्रश्न पुढे यंत्रांच्या बाबतीत आला. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती. अटीही तशाच कडक होत्या. यंत्र हलके असावे, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालावे, एखाद्या बाईला आठ तास फारसे न थकता त्यावर काम करता यावे, आठ तासांत १६,००० फूट सूत निघावे, किंमत १५० रुपयांच्या आत असावी आणि ते वीस वर्षे टिकावे. याबरोबर आणखी एक अट होती. शोध लावणाऱ्याने हवे तर स्वतःच्या नावाने पेटंट घ्यावे, पण बक्षीस हवे असेल तर ते पेटंट चरखा संघाकडे सुपूर्द करावे.

या अटीचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. शोधकाने फुकट राबावे, अशी चरखा संघाची अपेक्षा नव्हती. त्याच्या बुद्धीची किंमत एकरकमी आणि भरघोस मोजायची, पण त्यानंतर यंत्र कोणा एकाच्या ताब्यात राहू द्यायचे नाही, अशी ती योजना होती. औषधांच्या संशोधनासाठी पेटंटऐवजी मोठी बक्षिसे द्यावीत, असा विचार आज जगभरचे अर्थतज्ज्ञ मांडतात. तो प्रयोग भारतात चरख्याच्या निमित्ताने १९२९ मध्येच झाला होता. किर्लोस्करवाडीतही या बक्षिसासाठी एक यंत्र तयार झाले होते. पण सर्व अटी पुऱ्या करणारा चरखा कोणालाच साधला नाही आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

१९३४ मध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे गांधी वर्ध्याला आले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजींनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम सुरू केले. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन, गूळ, दळण अशा प्रत्येक धंद्यातले अवजार पारखायचे, त्यात सुधारणा करायची आणि ती लोकांपर्यंत पोहोचवायची, हे मगनवाडीचे काम होते. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ नावाचा कंदील आणि धूर कमी करणारी ‘मगन चूल’ तिथेच घडली. संघाच्या ‘ग्रामउद्योग पत्रिके’तून अशा कामाची माहिती बाहेर जात असे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींनी उद्घाटन केलेले मगन संग्रहालय याच हेतूने उभे राहिले. माणसाने यावे, अवजार पाहावे, हाताळावे, त्याची रचना समजून घ्यावी आणि गावी जाऊन सुताराकडून तसे करून घ्यावे, ही तिथली अपेक्षा होती.

याच काळात सेवाग्रामला, गांधींच्या आश्रमात, मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा अभियंता येत-जात होता. म्हैसूर संस्थानच्या बंगळूरमधील विद्युत कारखान्यातल्या मोठ्या पदावरून तो या वाटेला वळला होता. युरोपात शिकलेल्या या यंत्रज्ञाला पेटंटचे जग परके नव्हते. सेवाग्रामच्या आश्रमात त्याने आपली बुद्धी सूतकताईला लावली आणि धनुष-तकली तयार केली. ही तकली बांबूपासून गावातच होते. ती करायला कारखाना लागत नाही आणि मोडली तर घरी दुरुस्त करता येते. त्यामुळे गांधींना ती फार आवडली.  ज्याचे पेटंट घेऊन भांडवल उभे करता आले असते, ते ज्ञान फ्रिडमनने बांबूच्या काडीत घालून वाटले.

यावरून सेवाग्रामची माणसे हक्कांबाबत बेफिकीर होती, असे कोणी समजू नये. १९४० च्या सुमारास गांधींची भूमिका बदललेली दिसते. ‘हरिजन’मधील त्यांच्या लेखांचे घाईघाईने केलेले अनुवाद ठिकठिकाणी छापले जात आणि त्यांत अर्थाचा विपर्यास होई. युद्धाचा काळ होता आणि त्यांच्या एकेका शब्दावर देशाचे लक्ष होते. तेव्हा अनुवादाचे हक्क राखून ठेवण्याकडे ते वळले. यात पैशाचा प्रश्न नव्हता. आपल्या नावावर आपण न बोललेले छापले जाऊ नये, एवढीच काळजी होती.

फेब्रुवारी १९४० मध्ये त्यांनी मृत्युपत्र केले. आपली काही मालमत्ता आहे असे आपण मानत नाही, पण रूढीने किंवा कायद्याने जे आपले ठरेल ते सर्व, पुस्तकांच्या आणि लेखांच्या हक्कांसह, नवजीवन संस्थेला जावे, असे त्यांनी नमूद केले. झोपडीत राहणाऱ्या, चार वस्तूंपलीकडे काही न बाळगणाऱ्या माणसाची सर्वांत मोठी संपत्ती त्याचे शब्द होते आणि हे त्यांनी नेमके ओळखले होते. हे हक्क बेवारस सोडले असते तर कायद्याने ते वारसांकडे गेले असते आणि पुढे वाटले वा विकले गेले असते. म्हणून त्यांनी ते एका विश्वस्त संस्थेकडे सोपवले. नवजीवनने गांधींची पुस्तके स्वस्तात विकली आणि पाठाची शुद्धता सांभाळली.

पण कायद्याचे घड्याळ वेगळे चालत होते. ३० जानेवारी १९४८ ला गांधी गेले. स्वतंत्र भारताचा १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा २१ जानेवारी १९५८ रोजी अमलात आला आणि त्याने ५० वर्षांचीच मुदत कायम ठेवली. त्या हिशेबाने गांधींचे लेखन १ जानेवारी १९९९ ला सर्वांचे झाले असते. ते झाले नाही आणि त्याचे कारण शांतिनिकेतनात होते. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले होते, म्हणजे त्यांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होता. तो संपू नये यासाठी दडपण वाढले आणि हक्क संपायला तीन दिवस उरले असताना, २८ डिसेंबर १९९१ पासून, मुदत ६० वर्षांची झाली. १९९२ मध्ये संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. एका कवीसाठी केलेली ही दुरुस्ती देशातल्या प्रत्येक लेखकाला लागू झाली. ज्यांनी कधी मागितले नाही त्या गांधींच्या लेखनाला दहा वर्षे अधिक थांबावे लागले. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले. त्यांची ‘श्यामची आई’ २००१ ऐवजी २०११ मध्ये मुक्त झाली.

मुदतवाढीचे समर्थन लेखकाच्या नावाने केले जाते. पण लेखक तर पन्नास वर्षांपूर्वी गेलेला असतो, त्याला आणखी लिहिण्याचे प्रोत्साहन देणे शक्य नसते. वाढीव दहा वर्षांचा लाभ मूठभर नावाजलेल्या पुस्तकांच्या हक्कदारांना होतो. बाकीची शेकडो पुस्तके, ज्यांचे वारस सापडत नाहीत आणि प्रकाशक बंद पडले आहेत, ती त्या दहा वर्षांत वाळवीच्या तोंडी जातात. छापायला कोणी धजावत नाही, कारण परवानगी कोणाकडे मागावी हेच ठाऊक नसते.

हक्क वारसांच्या हाती राहिले तर काय होते, हे अमेरिकेत दिसते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी गांधींचा विचार मुक्तपणे घेतला, त्यावर आपला लढा उभारला आणि गांधींच्या भारताला भेटही दिली. पण त्यांच्या स्वतःच्या १९६३ च्या गाजलेल्या भाषणावर आजही वारसांचा हक्क आहे. ते भाषण दाखवल्याबद्दल सीबीएस या वाहिनीला न्यायालयात जावे लागले. ‘सेल्मा’ या २०१४ च्या चित्रपटात तर किंग यांची भाषणे बदललेल्या शब्दांत लिहावी लागली, कारण मूळ शब्दांचे चित्रपट-हक्क दुसऱ्या कंपनीकडे होते. गांधींवरच्या चित्रपटापुढे आज अशी अडचण येणार नाही.

पवनारची, म्हणजे विनोबा भावे यांची, गोष्ट अजून सांगायची आहे. विनोबा ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्याला आले. ७ ऑक्टोबर १९३० ला त्यांनी ‘गीताई’ लिहायला घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला ती पूर्ण केली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती शब्दशः उतरवून घेतली. गुरुजींच्या त्या लेखणीमुळेच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक देशाच्या कितीतरी भाषांत गेले. एकाने बोलायचे, दुसऱ्याने उतरवायचे, कोणी छापायचे, कोणी दारोदार जाऊन विकायचे, अशा अनेकांच्या श्रमांतून ते मोठे झाले. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत भूदान सुरू झाल्यावर विनोबांच्या पदयात्रेत जमिनीच्या दानपत्रांबरोबर ही पुस्तकेही गावोगाव गेली. हवा, पाणी, सूर्यप्रकाश जसे कोणा एकाचे नाहीत तशी जमीनही नाही, हे त्यांचे मूळ म्हणणे होते. जमीन एकाने कसली तर दुसऱ्याला कसता येत नाही. विचाराचे तसे नाही, तो दुसऱ्याला दिल्याने आपल्याकडचा कमी होत नाही. त्यामुळे जमिनीबद्दलचे ते म्हणणे विचाराला अधिकच लागू पडते.

कायद्याप्रमाणे मात्र १५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारला देह ठेवलेल्या विनोबांचे लेखन १ जानेवारी २०४३ ला मुक्त होईल. मगनवाडीच्या कुमारप्पांची पुस्तके २०२१ मध्ये आणि गांधींनंतर ‘हरिजन’ची धुरा वाहणाऱ्या किशोरलाल मश्रूवालांची २०१३ मध्येच मुक्त झाली आहेत. मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. गांधींची मूळ गुजराती आत्मकथा मुक्त झाली, पण आपण जी मराठीत वाचतो तो अनुवाद आप्पासाहेब पटवर्धन, म्हणजे सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, यांचा आहे. ते १९७१ मध्ये गेले, म्हणून त्या अनुवादाचा हक्क २०३१ च्या अखेरपर्यंत राहील. नवा मराठी अनुवाद मात्र आज कोणीही करू शकतो. मुक्ततेचा खरा फायदा इथे आहे. प्रत्येक पिढीला आपल्या बोलीत गांधी नव्याने सांगता येतात.

२००९ नंतर काय झाले, तेही पाहू. बाजारात नवे प्रकाशक आले, नव्या आवृत्त्या निघाल्या आणि नवजीवनचे कामही चालूच राहिले. गांधींच्या समग्र वाङ्मयाच्या इंग्रजी खंडांच्या प्रती सेवाग्राम आश्रमाच्या संकेतस्थळावर कोणालाही उतरवून घेता येतात. साबरमतीच्या गांधी हेरिटेज पोर्टलने २०१३ पासून जुनी नियतकालिके, पुस्तके आणि हस्तलिखिते खुली केली. वर्ध्याच्याच महात्मा गांधी अंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने ‘हिंदी समय’ या संकेतस्थळावर हिंदी साहित्याचे मोठे भांडार वाचकांपुढे ठेवले आहे. पूर्वी अशा साहित्यासाठी दिल्ली किंवा अहमदाबादच्या ग्रंथालयात जाऊन बसावे लागे. आता आर्वी किंवा हिंगणघाटचा विद्यार्थी रात्री मोबाइलवर ते वाचू शकतो.

मुक्त झालेला पाठ भ्रष्टही होऊ शकतो, ही १९४० ची काळजी आजही खोटी नाही. समग्र वाङ्मयाच्या सुधारित आवृत्तीत गाळलेल्या आणि बदललेल्या मजकुराबद्दल अभ्यासकांनी आवाज उठवला आणि २००५ मध्ये ती मागे घ्यावी लागली. ती चूक उघड झाली, कारण मूळ खंड अनेकांकडे होते आणि ताडून पाहणारे डोळे होते. ती आवृत्ती हक्क संपण्याआधीची आणि सरकारी होती, म्हणजे हक्क राखून ठेवल्याने शुद्धता आपोआप मिळत नाही. पाठ सांभाळला जातो तो जाणत्या वाचकांमुळे आणि जपलेल्या मूळ प्रतींमुळे.

शिवाय मुदत संपेपर्यंत थांबलेच पाहिजे, असे कायदाही म्हणत नाही. आपल्या कृतीवरचा हक्क सोडून देण्याची मुभा १९५७ च्या कायद्याच्या कलम २१ ने लेखकाला दिली आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ते साध्या जाहीर सूचनेनेही करता येते. लेखक गेल्यावर हक्क ज्यांच्याकडे आले, त्या संस्था आणि कुटुंबे मुक्त परवाना देऊ शकतात. महाराष्ट्रात सर्वोदय, सहकार, शेती आणि आरोग्य या विषयांवर लोकांसाठी लिहिलेली पुस्तके कपाटांत पडून आहेत. त्यांच्या नव्या आवृत्त्या निघत नाहीत, त्यांतून कोणाला उत्पन्न नाही, तरी ती वाचकाला मिळत नाहीत. लिहिणाऱ्याला त्याच्या श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे, आणि चरखा संघाने एक लाख रुपये बाजूला ठेवून ते मान्यही केले होते. पण मोबदल्याचा काळ सरल्यावर पुस्तक लोकांना परत द्यावे, कारण ज्या भाषेतून आणि ज्या आधीच्या पुस्तकांतून ते घडले, ती सगळ्यांचीच होती. जी कपाटे आपल्या ताब्यात आहेत ती उघडायला आपल्याला २०४३ ची वाट पाहण्याची गरज नाही. ‘हिंद स्वराज’वर १९१० मध्ये छापलेले ते एक वाक्य आजही कोणत्याही पुस्तकावर छापता येते.